ऋतूचें घर : नाशिकचा वर्षावास

मनुष्याला घर कशासाठीं हवें असतें, या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक देशांत तेथील आकाशानें निराळें दिलें आहे. उत्तर ध्रुवाकडील ज्या प्रदेशांत वर्षाचा मोठा भाग जमीन बर्फाखालीं असते, तेथें इन्युइट लोकांनीं बर्फालाच भिंत बनविलें. वाऱ्यानें घट्ट बसलेल्या हिमाचे चिरे सुरीनें कापावयाचे, शंखाच्या वळशाप्रमाणें ते चढत्या फेऱ्यांनीं रचीत न्यावयाचे, आंत निजण्याचा ओटा उंच आणि शिरण्याचें भुयार सखल ठेवावयाचें. म्हणजे थंड हवा आपोआप खालीं उतरते आणि सीलच्या चरबीवर जळणाऱ्या दिव्याची ऊब ओट्यावर टिकून राहते. हिमाच्या कणांत कोंडलेली हवा हीच त्या घराची गोधडी. जपानांत अकिता प्रांतांतील योकोते गांवीं फेब्रुवारीच्या मध्यास बर्फाच्या घुमटाकार खोल्या उभारतात. त्यांना कामाकुरा म्हणतात. आंत जलदेवतेचा लहानसा देव्हारा असतो, शेगडी असते, आणि तिच्याभोंवतीं बसलेलीं मुलें वाटसरूंना हाक मारून तांदळाचें गोड, ऊन पेय देतात. जें हिम हाडें गोठवितें, त्याचाच खेळ करून त्यांत पाहुणचार मांडावा, ही कल्पना मोठी मनोहर आहे.

नाशिकला हिम पडत नाहीं. थंडीची लाट आली म्हणजे निफाडकडील द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात, क्वचित् पानांवरचें दंव गोठतें, एवढीच या जिल्ह्याची हिमाशीं ओळख. सह्याद्रीच्या या बाजूला मनुष्याची खरी परीक्षा पाहणारा ऋतु निराळा. आषाढापासून पुढें वाटा बुजतात, नद्या उतार देत नाहींत, चिखलांत चाक रुततें आणि ज्याला घर नाहीं त्याला उभें राहण्यासही कोरडी जागा मिळत नाहीं. या ऋतूला नाशिककरांनीं कोणतें घर दिलें? त्याचें उत्तर शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें ८ किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्याजवळच्या डोंगरांत कोरलेलें आहे. लोक त्याला पांडवलेणीं म्हणतात. पांडवांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. तेथील शिलालेखांत डोंगराचें नांव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मि, असें आहे. आणि तेथील २४ लेणीं हीं मुख्यतः बौद्ध भिक्षूंच्या पावसाळी वस्तीसाठीं कोरलेलीं आहेत.

भिक्षु हा मूळचा अनिकेत. आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं, असा त्याचा क्रम. परंतु विनयग्रंथांत एक हकीकत सांगितली आहे. पावसाळ्यांतही भिक्षु हिंडत राहतात, कोवळें गवत तुडवितात, बारीक जीवजंतु पायाखालीं चिरडतात, अशी लोकांची कुरकुर बुद्धांच्या कानीं गेली. पाऊस लागला म्हणजे पांखरेंसुद्धां झाडाच्या शेंड्यावर घरटें करून राहतात, मग यांनाच स्वस्थ बसावयास काय होतें, असें लोक म्हणत. त्यावरून बुद्धांनीं नियम घालून दिला कीं, आषाढी पौर्णिमेनंतर भिक्षूनें तीन महिने एका ठिकाणीं राहावें. हाच वर्षावास. यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, हा नियम भिक्षूंच्या सुखासाठीं झाला नाहीं. गवताच्या व किड्यांच्या रक्षणासाठीं झाला. भिक्षूला मिळालेलें छप्पर हें त्या करुणेचें दुय्यम फळ होय.

एकदां राहण्याचा काळ ठरला, म्हणजे राहण्याची जागा कशी असावी हा प्रश्न ओघानेंच येतो. विनयांत पांच प्रकारच्या निवाऱ्यांस अनुज्ञा आहे, आणि त्यांत गुहा हा एक प्रकार आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीनें एका दिवसांत ६० कुट्या बांधून दिल्याची कथा तेथेंच येते. उत्तरेकडे लांकूड आणि वीट यांचीं विहारगृहें उठलीं. दख्खनमध्यें मात्र डोंगरच घराचें साहित्य झाला. इन्युइटानें भोंवतालचें हिम घेतलें, तसा दख्खनच्या पाथरवटानें भोंवतालचा काळा दगड घेतला. एकानें रचून घर केलें, दुसऱ्यानें पोखरून केलें, इतकाच काय तो फरक. आणि पोखरण्याच्या कामाची रीतही उलटी. बांधकाम पायापासून वर चढतें, लेण्याचें काम छतापासून खालीं उतरतें. छत चुकलें तर तें पुन्हां बसवितां येत नाहीं. म्हणून पहिल्या घावापूर्वींच संबंध घर कारागिराच्या डोळ्यांपुढें उभें असावें लागतें.

त्रिरश्मीवरील सर्वांत जुनें लेणें १९ व्या क्रमांकाचें. सातवाहन कुळांतील कृष्ण राजाच्या कारकीर्दींत नाशिकच्या श्रमणांसाठीं नेमलेल्या महामात्रानें तें करविलें, असा त्यावर लेख आहे. इसवी सनापूर्वींच्या या लहानशा लेण्यांत मध्यें चौरस दालन आणि तीन बाजूंस दोन दोन अशा सहा खोल्या आहेत. बाहेर खांबांची ओसरी, भिंतींत दगडाचीच जाळी असलेल्या खिडक्या. राजा, अधिकारी, भिक्षु आणि गांव यांचीं नांवें एका ओळींत गुंफणारा हा लेख नाशिक हें नांव किती जुनें आहे याचाही साक्षी आहे.

ही रचना पावसाला कसें उत्तर देते तें पाहिलें म्हणजे त्या अज्ञात कारागिरांची बुद्धि ध्यानांत येते. लेणीं डोंगराच्या उत्तरेकडील अंगास आहेत. नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन येतो तो डोंगराच्या पाठीवर. दालनाच्या पुढें खांबांची ओसरी असल्यामुळें उडणारे तुषार ओसरींतच थबकतात, आणि दालनाच्या आंत खोली असल्यामुळें भिक्षूच्या अंथरुणापर्यंत ओल पोंचत नाहीं. उलट उन्हाळ्यांत हेंच जाड खडकाचें कवच सूर्याला बाहेर ठेवतें आणि हिंवाळ्याच्या रात्रीं झोंबऱ्या वाऱ्याला. सर्वांत मोठी योजना म्हणजे पोढी. शिलालेखांत दगडांत कोरलेल्या पाण्याच्या टांक्यांस हेंच नांव आहे. डोंगरावरचें पाणी या टांक्यांत उतरवून सांठविलें म्हणजे जो पाऊस भिक्षूला कोंडून ठेवतो, तोच त्याची पुढील आठ महिन्यांची तहान भागवितो. योकोतेचीं मुलें हिमाच्या घरांत जलदेवतेचा देव्हारा मांडतात. त्रिरश्मीच्या कारागिरांनीं खडकाच्या घराशेजारीं पाण्याचेंच घर कोरलें.

केवळ उपयोगापुरतें पाहावयाचें तर एवढ्यावर काम संपावयास हरकत नव्हती. पण तसें झालें नाहीं. लेणें ३ च्या ओसरीसमोर उभें राहून खालीं नजर टाकली तर सहा धिप्पाड खुजे पुरुष सबंध ओसरीचा भार दांडक्यांवर उचलून जमिनींतून अर्धे वर आलेले दिसतात. जणूं काय डोंगरांतील हें घर म्हणजे कोणा राजाची पालखी आणि ते तिचे भोई. खांबांचीं मस्तकें पाहावींत तर घंटेच्या आकारावर चौकट आणि तिच्यावर हत्ती, बैल यांसारखे पशु स्वारांसह बसलेले. लेणें १० मधील खांब पाण्याच्या कुंभांतून वर उगवल्यासारखे आहेत. कठडे, तुळया, वांसे, तोरण हीं सारीं लांकडी घराचीं अंगें दगडांत जशींच्या तशीं उतरविलीं आहेत. डोंगराला वांशाची गरज नसते, कारण तें छप्पर कधींच पडणार नाहीं. तरीही कारागिरानें वांसे कोरले, कारण घर म्हटलें कीं वांसे आलेच. विरक्तांच्या निवाऱ्यावर हा खेळ कोणीं कां केला? मनुष्य जेव्हां दुसऱ्यासाठीं मनापासून घर करतो, तेव्हां तो नुसती गरज भागवून थांबत नाहीं, हेंच त्याचें उत्तर असावें.

परंतु नाशिकच्या लेण्यांचें खरें वैभव नक्षींत नाहीं, लेखांत आहे. लेणें १० हें क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें दिलें. उषवदात हा शक. त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या व दुसऱ्या शतकांच्या सुमाराचा. ओसरीच्या भिंतीवर त्यानें आपलें दान इतक्या बारकाईनें लिहून ठेविलें आहे कीं, आजच्या एखाद्या विश्वस्तनिधीच्या चिटणीसानेंही त्याचा धडा घ्यावा. ४२ व्या वर्षीं त्यानें हें लेणें चारी दिशांच्या संघाला अर्पण केलें आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची कायमची ठेव गोवर्धन येथील श्रेणींकडे सोंपविली. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचें तेव्हांचें मोठें नगर. पैकीं २,००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा १ या दरानें, आणि १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण या दरानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, केवळ व्याज भोगावयाचें, अशी अट. या लेण्यांत जे २० भिक्षु वर्षावास करतील त्यांतील प्रत्येकाला चीवरासाठीं १२ कार्षापण द्यावयाचे.

आतां हिशेब पाहावा. २,००० वर शेंकडा १ म्हणजे महिन्यास २०, वर्षास २४०. वीस भिक्षूंना बारा बारा दिले म्हणजे बरोबर २४०. एक कवडी उरत नाहीं, एक कवडी कमी पडत नाहीं. दुसऱ्या हजारावरचें व्याज महिन्यास साडेसात, वर्षास ९०; तें भिक्षूंच्या इतर किरकोळ गरजांसाठीं असावें असें बहुधा मानतात. म्हणजे उषवदातानें आधीं माणसें मोजलीं, मग त्यांचें वस्त्र मोजलें, त्यावरून व्याज काढलें आणि व्याजावरून मुद्दल ठरविलें. आपल्या मोठेपणाला शोभेल असा आंकडा उच्चारून तो मोकळा झाला नाहीं. पैसा ठेवला तोही विणकरांकडे. वस्त्राचा खर्च वस्त्र विणणाऱ्यांच्या हातीं. आणि हें सारें निगमसभेंत, म्हणजे नगराच्या सभेंत, ऐकवून फलकावर नोंदविलें, असें लेखांत स्पष्ट म्हटलें आहे. दान खाजगी असलें तरी त्याचा हिशेब सार्वजनिक असावा, ही दृष्टि त्यामागें आहे.

याच लेण्यांत उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखांत त्याच्या इतर कार्यांची यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी व तलाव करविले. तापी, दमण, पारदा, डाहाणूका इत्यादि नद्यांवर फुकट नांवा ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रांतीच्या जागा व पाणपोया घातल्या. त्यांत एक वाक्य मोठें बोलकें आहे. मालयांनीं वेढलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखास सोडविण्यासाठीं, स्वामीच्या आज्ञेवरून, आपण पावसाळ्यांत स्वारीवर गेलों, असें तो म्हणतो. ज्या ऋतूंत भिक्षूंनीं पाऊल बाहेर टाकूं नये म्हणून त्यानें डोंगर कोरविला, त्याच ऋतूंत तो स्वतः सैन्य घेऊन चिखल तुडवीत होता. ज्यानें पाऊस छावणींत काढला आहे, त्याला कोरड्या जागेची किंमत कोणी सांगावी लागत नाहीं.

ही किंमत केवळ राजेरजवाड्यांनाच कळली होती असें मात्र नाहीं. उषवदाताच्या लेण्यांत त्याची पत्नी, नहपानाची कन्या दक्षमित्रा हिनें एक ओवरक, म्हणजे निजण्याची खोली, स्वतःच्या नांवानें दिली. देवळाभोंवतालच्या खोलीला आपण ओवरी म्हणतों, तो शब्द याच ओवरकाचा वंशज. लेणें ६ वीर नांवाच्या व्यापारी गृहस्थाचें. त्यांत एक खोली त्याची पत्नी नंदश्री हिची आणि एक त्याची कन्या पुरुषदत्ता हिची. लेणें ८ दासक मुगुदास याचें. दासक म्हणजे मासे धरणारा कोळी, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनीं लावला आहे. किडामुंगी मरूं नये म्हणून स्थिर राहणाऱ्या भिक्षूंना मासे मारून पोट भरणाऱ्यानें सहकुटुंब निवारा द्यावा, यांत विसंगति शोधण्यापेक्षां त्या समाजाचा मोकळेपणा पाहणें अधिक योग्य. लेणें १७ हें तर उत्तरेकडील दत्तामित्री नगराहून आलेल्या इंद्राग्निदत्त नांवाच्या यवनाचें. त्यानें लेण्याबरोबर चैत्यगृह आणि पोढ्याही दिल्या. सातवाहन, शक, यवन, व्यापारी, कोळी, राजकन्या आणि गृहिणी अशीं हीं दात्यांचीं नांवें एका डोंगरावर शेजारीं शेजारीं नांदत आहेत.

बाहेर मात्र तीं नांदत नव्हतीं. गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें सांपडलेल्या सुमारें १३,२५० रुप्याच्या नाण्यांपैकीं ९,२७० च्या आसपास नहपानाच्या नाण्यांवर या विजेत्यानें आपला छाप मारलेला आढळला. नाण्यावरची मुद्रा पुसली गेली. डोंगरावरच्या निवाऱ्याचें काय झालें? आपल्या १८ व्या वर्षीं लष्करी छावणींतून गौतमीपुत्रानें गोवर्धनच्या विष्णुपालित या अमात्याला आज्ञा धाडली कीं, पश्चिम काखडी गांवांत पूर्वीं उषवदाताकडे असलेलें २०० निवर्तनें शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावें. त्यांत शिपायांनीं शिरूं नये, मिठासाठीं खणूं नये, अधिकाऱ्यांनीं ढवळाढवळ करूं नये. शत्रूची जमीन घेतली, पण भिक्षूंच्या योगक्षेमासाठीं दिली. इतकेंच नव्हे, तर २४ व्या वर्षीं राजा व राजमाता यांनीं पुन्हां लिहिलें कीं, तें शेत कसलें जात नाहीं व गांवही ओसाड आहे, म्हणून त्याऐवजीं नगराच्या शिवेवरील सरकारी शेतांतून १०० निवर्तनें द्यावींत. दिलेलें दान कागदावर राहिलें कीं खरोखर पोंचलें, याची सहा वर्षांनीं केलेली ही चौकशी एखाद्या विजयस्तंभापेक्षां अधिक मोलाची आहे.

पुढें राजमाता गौतमी बलश्री हिनें नातवाच्या, पुळुमावीच्या, १९ व्या वर्षीं लेणें ३ भिक्षूंना दिलें. आपल्या दिवंगत पुत्राच्या पराक्रमाची प्रशस्ति तिनें तेथेंच कोरविली. एका मातेनें पुत्राचें स्मारक उभारावयाचें ठरविलें आणि तें परक्यांच्या निवाऱ्याच्या रूपानें उभारलें. पुळुमावीनें त्या लेण्याच्या सजावटीसाठीं एक गांव तोडून दिला. त्यानंतर आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षीं विष्णुदत्ता नांवाच्या शक उपासिकेनें जलयंत्रें करणारे, तेली इत्यादि श्रेणींकडे ठेवी ठेवल्या, त्या येथील आजारी भिक्षूंच्या औषधांसाठीं. छप्पर एकानें दिलें, वस्त्र दुसऱ्यानें, धान्य तिसऱ्यानें आणि औषध चौथीनें. तेव्हां कोठें तें घर पुरें झालें.

सर्वच कामें सुरळीत पार पडलीं असें नाहीं. लेणें २० बोपकि नांवाच्या यतीनें आरंभिलें होतें. तें पुष्कळ वर्षें अपुरें पडून राहिलें. अखेर यज्ञश्री सातकर्णीच्या ७ व्या वर्षीं महासेनापति भवगोप याची पत्नी वासु हिनें तें पुरें करून संघाला दिलें. लेखांत स्वतःच्या नांवाआधीं आरंभ करणाऱ्याचें नांव घालण्यास ती विसरली नाहीं. बोपकीपाशीं उद्योग होता, द्रव्य नव्हतें. वासूपाशीं द्रव्य होतें आणि दुसऱ्याचें श्रेय दुसऱ्याला देण्याइतकें मन होतें. मात्र ज्यांनीं छिन्नी चालविली त्या पाथरवटांची आठवण या लेखांनीं ठेवलेली नाहीं. त्यांचा लेख म्हणजे भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा.

इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकांत या लेण्यांत बुद्धमूर्ति कोरल्या गेल्या, कांहीं दालनांचा विस्तार झाला. पुढें एका लेण्यांत जैनांनींही आपली मूर्ति स्थापिली. मग वस्ती उठली, लेखांची लिपि वाचणारें कोणी उरलें नाहीं, आणि लोकांनीं डोंगर पांडवांच्या नांवें करून टाकला. एकोणिसाव्या शतकांत भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या पंडितांनीं तीं अक्षरें पुन्हां बोलकीं केलीं, तेव्हां उषवदाताचा हिशेब जगाला कळला.

हिमाचें घर आणि दगडाचें घर यांची तुलना केली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. हिमाचें घर उन्हाळ्यांत वितळतें, म्हणून तें बांधण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जावीच लागते. योकोतेचीं मुलें दर वर्षीं नवा घुमट पाहतात आणि शिकतात. दगडाचें घर वितळत नाहीं, पण त्यांतला पाहुणचार वितळूं शकतो. गोवर्धनच्या विणकर श्रेणी नाहींशा झाल्या, मुद्दल बुडालें, बारा कार्षापणांचें चीवर थांबलें. वीस भिक्षूंसाठीं खोदलेल्या खोल्या रिकाम्या राहिल्या. उषवदाताला ही गोष्ट उमगली होती असें म्हणावयास जागा आहे. नुसतें लेणें देऊन तो थांबला असता तर त्याचें काम अर्धेंच झालें असतें. घराचा अर्धा भाग खडकाचा असतो आणि उरलेला अर्धा दर वर्षीं कोणीतरी आठवणीनें भरावयाचा असतो, हें जाणून त्यानें त्या दुसऱ्या अर्ध्याची तरतूद आपल्या बुद्धीच्या पल्ल्यापर्यंत करून ठेविली.

वर्षावासाची चाल मात्र बुडाली नाहीं. जैन मुनींचा चातुर्मास, संन्याशांचा चातुर्मास आणि भिक्षूंचा वर्षावास हीं त्याच जुन्या विचाराचीं रूपें महाराष्ट्रांत चालूं आहेत. आषाढ आला म्हणजे हिंडणाऱ्यानें थांबावें आणि ज्याला घर आहे त्यानें त्याला ठाव द्यावा, हा करार कोणत्याही श्रेणीकडे लिहून ठेविलेला नाहीं. तरी तो पाळला जातो. आणि त्रिरश्मीच्या पोढ्यांत, कोणी प्यावयास असो वा नसो, पहिल्या मोठ्या सरीबरोबर आजही डोंगराचें पाणी उतरूं लागतें.